लंडन फिल्म-मेकर्स को-ऑपरेटिव्ह (१९६६-१९९९) : कलावंतांच्या सहकाराचा एक प्रयोग

प्रस्तावना

चित्रपटाचा इतिहास बहुधा चित्रपटांचा आणि दिग्दर्शकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. चित्रपट कोणत्या यंत्रावर धुतला गेला, त्याची प्रत कोणी काढली, ती कोणाच्या मालकीची होती आणि कोणत्या खोलीत दाखवली गेली, हे प्रश्न त्यात तळटीपेपुरते येतात. व्यावसायिक चित्रपटाच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ क्षम्य ठरेल, कारण तेथे ही सर्व व्यवस्था आधीपासून सिद्ध असते. प्रायोगिक चित्रपटाच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करणारी ठरते. कथा, नट, निर्माता आणि तिकीटबारी यांपासून दूर राहू पाहणाऱ्या चित्रकाराला वा शिल्पकाराला चित्रपट बनवायचा असेल, तर त्याला आधी चित्रपट बनवण्याची व्यवस्थाच उभी करावी लागते. लंडन फिल्म-मेकर्स को-ऑपरेटिव्ह (यापुढे को-ऑप) ही अशी व्यवस्था कलावंतांनी स्वतः उभी केल्याचे एक महत्त्वाचे उदाहरण होय.

१९६६ साली स्थापन झालेली ही संस्था १९९९ साली दुसऱ्या संस्थेत विलीन झाली. या तेहतीस वर्षांत तिने वितरण, प्रयोगशाळा आणि चित्रपटगृह या तिन्ही गोष्टी एका छताखाली आणल्या. प्रस्तुत लेखात या संस्थेच्या जडणघडणीचा आढावा घेऊन दोन प्रश्नांचा विचार केला आहे. उत्पादनाची साधने कलावंतांच्या हाती आल्याने कलाकृतीच्या स्वरूपात कोणता बदल झाला? आणि हलाखीच्या काळात तगलेली ही संस्था सुस्थितीच्या काळात का टिकू शकली नाही?

पार्श्वभूमी

सहकार ही संकल्पना महाराष्ट्रातील वाचकाला नवी नाही. साखर कारखाना, पतपेढी, दूध संघ यांच्या रूपाने ती येथील ग्रामीण अर्थकारणात रुजली आहे. आधुनिक सहकारी चळवळीचा आरंभ इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकर व कारागिरांनी १८४४ साली काढलेल्या दुकानापासून मानला जातो. सभासदांची मालकी आणि सर्वांना खुला प्रवेश ही त्या चळवळीची तत्त्वे. चित्रपटाच्या क्षेत्रात हे तत्त्व प्रभावीपणे आणले ते न्यूयॉर्कमधील कलावंतांनी. जोनास मेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली तेथे फिल्म-मेकर्स को-ऑपरेटिव्ह स्थापन केली. जो चित्रपट आणून देईल त्याचा चित्रपट वितरणासाठी स्वीकारायचा, निवड करायची नाही, प्रतीची मालकी कलावंताकडेच ठेवायची आणि भाड्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यालाच द्यायचा, असा त्या संस्थेचा शिरस्ता होता. निवड समिती नसणे हे या व्यवस्थेचे सर्वांत धाडसी अंग होते. गुणवत्तेचा निर्णय संस्थेने नव्हे, प्रेक्षकाने आणि काळाने करावा, ही त्यामागील भूमिका होती.

लंडनमध्ये ही कल्पना पोहोचली ती एका पुस्तकाच्या दुकानात. चेरिंग क्रॉस रोडवरील ‘बेटर बुक्स’ हे दुकान साठच्या दशकात नव्या कवितेचे व प्रयोगशील साहित्याचे केंद्र बनले होते. ध्वनिकवी बॉब कॉबिंग तेथे काम करीत आणि चित्रपटांचे खेळ भरवीत. न्यूयॉर्कहून १९६४ साली लंडनला आलेले स्टीफन ड्वॉस्किन, तसेच सायमन हार्टोग, जेफ कीन, समीक्षक रेमंड डर्गनाट आदी मंडळी या खेळांच्या निमित्ताने एकत्र आली. १३ ऑक्टोबर १९६६ रोजी याच दुकानात को-ऑपची रीतसर स्थापना झाली. स्थापनेची वार्ता मेकास यांना तारेने कळवण्यात आली. त्या तारेत संस्थेचा उद्देश म्हणून ‘चित्रीकरण करा’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द अनेक वेळा लिहिला होता. ‘सिनिम’ नावाचे नियतकालिकही सुरू झाले. १९६६ ते १९६९ या काळात त्याचे तीन अंक निघाले.

या आरंभकाळातील एक विसंगती लक्षणीय आहे. संस्था चित्रपट-निर्मात्यांची असली, तरी तिच्याजवळ स्वतःचे म्हणावेत असे चित्रपट फार थोडे होते. जे दाखवले जात त्यांपैकी पुष्कळसे अमेरिकेतून आलेले असत. लंडनमध्ये आधी प्रेक्षक जमा झाला, मग वितरणाची योजना आखली गेली आणि निर्मिती सर्वांत शेवटी आली. सहकारी संस्थेजवळ सभासद आहेत, नियमावली आहे, पण उत्पादन नाही, अशी ही अवस्था होती.

आर्ट्स लॅब आणि स्वनिर्मित प्रयोगशाळा

१९६७ साली बेटर बुक्सचे व्यवस्थापन बदलले आणि तेथील कार्यक्रमांना ओहोटी लागली. त्याच वर्षी जिम हेन्स यांनी ड्रुरी लेन येथे ‘आर्ट्स लॅब’ सुरू केली. तिच्या तळघरातील चित्रपटगृहाचे काम डेव्हिड कर्टिस पाहत. तेथे खुर्च्या नव्हत्या. प्रेक्षक जमिनीवर अंथरलेल्या मऊ थरावर बसत वा पहुडत. या ठिकाणी दुसरा एक गट आकाराला आला. त्यात प्रामुख्याने कलामहाविद्यालयांतून आलेले चित्रकार होते आणि त्यांचे अग्रणी होते माल्कम ल ग्रीस. पहिल्या गटाचा ओढा वितरण आणि प्रदर्शनाकडे होता, तर या गटाला निर्मितीची साधने हवी होती. १९६८ च्या सुमारास हे दोन प्रवाह एकत्र आले आणि को-ऑपचे पुढील स्वरूप निश्चित झाले.

ल ग्रीस यांचे या टप्प्यावरील योगदान कलाकाराइतकेच कारागिराचेही होते. त्यांनी फिल्म धुण्याची आणि प्रती काढण्याची साधी यंत्रे स्वतः जुळवली. ड्रुरी लेनची आर्ट्स लॅब १९६९ साली बंद पडल्यावर त्याच वर्षी रॉबर्ट स्ट्रीट येथे ‘न्यू आर्ट्स लॅब’ उघडली आणि को-ऑप तेथे गेली. व्हिक्टर हर्बर्ट या दात्याच्या साहाय्याने प्रत काढण्याचे डेब्री यंत्र आणि फिल्म धुण्याचे व्यावसायिक यंत्र खरेदी करण्यात आले. वापरलेली का होईना, पण खऱ्या प्रयोगशाळेतील यंत्रे आता कलावंतांच्या मालकीची झाली. न्यूयॉर्कची संस्था ही मुख्यतः वितरण संस्था होती. लंडनची संस्था वितरणाबरोबरच कार्यशाळाही झाली. हा फरक मूलभूत होय.

त्याचे महत्त्व समजण्यासाठी प्रत काढण्याची क्रिया थोडक्यात ध्यानात घ्यावी लागेल. चित्रित झालेली फिल्म धुतल्यावर तिची प्रत काढताना मूळ पट्टी आणि कोरी पट्टी एकमेकींना भिडवून यंत्रातून नेतात व प्रकाशाच्या साहाय्याने चौकटीमागून चौकट कोऱ्या पट्टीवर उतरवतात. व्यावसायिक प्रयोगशाळेत हे काम तंत्रज्ञ करतो, आणि प्रत मूळ चित्राशी जितकी एकनिष्ठ तितकी ती उत्तम मानली जाते. मात्र हेच यंत्र कलावंताने चालवले, तर तीच पट्टी पुन्हा पुन्हा फिरवता येते, दोन पट्ट्या एकावर एक ठेवता येतात, प्रकाशाची तीव्रता आणि रंग बदलता येतो, पट्टीच्या कडेची छिद्रेदेखील चित्राचा भाग बनवता येतात. ज्या टप्प्याला उद्योगात केवळ यांत्रिक मानले जाते, तोच येथे निर्मितीचा टप्पा झाला. खर्चही आटोक्यात आला. चुका करण्याची मुभा मिळाली आणि प्रयोगशीलतेची पूर्वअट हीच असते.

साधने आणि कलाकृती

ल ग्रीस यांचा ‘लिटल डॉग फॉर रॉजर’ (१९६७) या प्रक्रियेचे आरंभीचे उदाहरण आहे. त्यांच्या घरातील जुन्या साडेनऊ मिलिमीटर फिल्मवरील कुत्र्याची हलती चित्रे सोळा मिलिमीटर पट्टीवर उतरवून हा चित्रपट तयार झाला. पडद्यावर कुत्रा दिसतो, पण त्याहून अधिक दिसते ती फिल्मची पट्टी : तिची छिद्रे, तिच्यावरील ओरखडे, तिचे सरकणे, अडखळणे. ‘बर्लिन हॉर्स’ (१९७०) मध्ये धावणाऱ्या घोड्याचे आठ मिलिमीटरवरील चित्रण आणि चित्रपटाच्या बाल्यावस्थेतील, जळत्या तबेल्यातून घोडे बाहेर काढले जातानाचे दृश्य यांना पुनर्चित्रणाने व रंगांच्या थरांनी एकत्र गुंफले आहे. त्याला ब्रायन ईनो यांच्या आवर्ती ध्वनीची जोड आहे. येथे यंत्र हे आशय पोहोचवण्याचे साधन राहिलेले नाही. यंत्राची क्रिया हाच आशयाचा एक भाग झाला आहे.

या जाणिवेला सैद्धांतिक रूप दिले ते पीटर गिडाल यांनी. ‘रचनावादी-भौतिकवादी’ चित्रपटाची त्यांची मांडणी १९७५ साली प्रसिद्ध झाली आणि १९७६ साली त्यांनी संपादित केलेला लेखसंग्रह निघाला. पडद्यावरील चित्र हे वास्तवाकडे उघडणारे गवाक्ष आहे, या भ्रमाला गिडाल यांचा विरोध होता. प्रेक्षकाने पात्रांशी तादात्म्य पावू नये, तर आपण चित्रपट पाहत आहोत, ही क्रिया काळात घडत आहे, याचे भान ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. ही भूमिका कठोर होती आणि तिने अनेक प्रेक्षक दुरावले, हेही नमूद करणे आवश्यक आहे. तथापि ती केवळ ग्रंथांतून आलेली नव्हती. ज्यांनी ओल्या फिल्मच्या पट्ट्या स्वतःच्या हातांनी हाताळल्या होत्या, त्या वर्तुळाला ती सहज पटण्यासारखी होती.

को-ऑपचे चित्रपटगृह कार्यशाळेला लागून असल्याने प्रदर्शनाचीही चिकित्सा सुरू झाली. प्रक्षेपक, पडदा आणि प्रेक्षकाचे शरीर हे सारे कलाकृतीत आले. ल ग्रीस, विल्यम रॅबन, गिल इदर्ली आदींनी अनेक प्रक्षेपकांवर एकाच वेळी चित्रपट दाखवून त्यांत स्वतःचा वावर आणला. अ‍ॅनाबेल निकल्सन यांच्या ‘रील टाइम’ (१९७३) या प्रयोगात प्रक्षेपकातून निघालेली फिल्म त्या बसल्या होत्या त्या शिवणयंत्राखालून जात असे. सुई फिल्मला भोके पाडी, ती छिद्रित फिल्म पुन्हा प्रक्षेपकातून पडद्यावर येई आणि शेवटी पट्टी तुटून प्रयोग संपे. चित्रपटाचे यंत्र आणि घरकामाचे यंत्र यांतील साम्य याहून मोजक्या शब्दांत क्वचितच कोणी मांडले असेल. लिस ऱ्होड्स यांच्या ‘लाइट म्युझिक’ (१९७५) मध्ये फिल्मवरील रेषा चित्र म्हणून दिसतात आणि त्याच रेषा ध्वनिपट्टीवरून वाचल्या जाऊन ऐकूही येतात. दोन समोरासमोरच्या प्रक्षेपकांच्या मधल्या जागेत प्रेक्षक वावरत असल्याने पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतील सीमारेषा पुसट होते.

इतिहास कोणाचा?

खुलेपणा हे संस्थेचे तत्त्व असले, तरी तिच्या इतिहासाचे लेखन तितके खुले नव्हते. १९७९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘फिल्म अ‍ॅज फिल्म’ हे १९१० ते १९७५ या काळातील आकारप्रयोगांचे प्रदर्शन भरले. त्याच्या समितीतील स्त्रियांना आढळले की प्रायोगिक चित्रपटाची मांडणी पुरुष-कलावंतांची एक सरळ वंशावळ म्हणून होत आहे. जर्मेन द्यूलाक, माया डेरेन यांच्यासारख्यांचे संशोधन त्या चौकटीत परिशिष्टासारखे बसवले जाणार होते. लिस ऱ्होड्स, अ‍ॅनाबेल निकल्सन, फेलिसिटी स्पॅरो आदींनी आपला सहभाग काढून घेतला आणि त्यांच्यासाठी राखलेली जागा रिकामी ठेवून तेथे निषेधाचे निवेदन लावले. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत ऱ्होड्स यांचा ‘इतिहास कोणाचा?’ या आशयाच्या शीर्षकाचा निबंध छापला गेला. या घटनेतून ‘सर्कल्स’ ही स्त्रियांच्या चित्रपटांची स्वतंत्र वितरण संस्था उभी राहिली. तिचाच वारसा १९९१ मध्ये ‘सिनेनोव्हा’ या संस्थेने पुढे चालवला.

या प्रसंगाचा अर्थ केवळ अंतर्गत कलह असा लावणे योग्य होणार नाही. यंत्रे सर्वांना खुली असणे आणि प्रतिष्ठा सर्वांना खुली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले. त्याचबरोबर, सहकाराच्या अनुभवाने दिलेला आत्मविश्वासही दिसून आला. असंतुष्ट सभासदांनी तक्रारीवर न थांबता स्वतःची दुसरी संस्था काढली.

अनुदान, इमारत आणि विसर्जन

को-ऑपचे पत्ते पाहिले तरी तिची आर्थिक स्थिती कळते. १९७१ साली ती प्रिन्स ऑफ वेल्स क्रेसेंट येथील एका जुन्या दुग्धालयाच्या इमारतीत गेली, तेथून फिट्झरॉय रोडवरील पियानोच्या कारखान्यात आणि नंतर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ग्लॉस्टर अ‍ॅव्हेन्यूवरील एका जुन्या धुलाईघरात. पाडल्या जाणाऱ्या किंवा वापरातून गेलेल्या वास्तू तात्पुरत्या मिळत, तेथे सभासदच अंगमेहनतीने भिंती उभारीत, वायरिंग करीत, यंत्रे हलवीत. १९७५ च्या सुमारास ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे भरीव अनुदान मिळू लागले. त्यामुळे पगारी कार्यकर्ते नेमता आले, सामग्री सुधारता आली. परंतु त्याबरोबर हिशेब, अहवाल आणि धोरणांची चौकटही आली. ग्लॉस्टर अ‍ॅव्हेन्यू येथील सुमारे वीस वर्षे हा संस्थेचा सर्वांत स्थिर काळ होय. ‘अंडरकट’ (१९८१-१९९०) हे नियतकालिक याच काळातले. नीना दानिनो, सँड्रा लाहिर यांच्यासारख्या पुढील पिढीच्या कलावंतांनीही याच परिसरात काम केले.

१९९७ साली संस्था हॉक्स्टन स्क्वेअर येथील ‘लक्स सेंटर’ या नव्या इमारतीत गेली. तेथे तिच्या शेजारी आली ती ‘लंडन इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ : १९७६ साली ‘लंडन व्हिडिओ आर्ट्स’ या नावाने सुरू झालेली व्हिडिओ-कलावंतांची संस्था. सुसज्ज चित्रपटगृह, कलादालन आणि आधुनिक सामग्री असे हे केंद्र होते. १९९९ साली दोन्ही संस्था विलीन झाल्या आणि को-ऑपचे स्वतंत्र अस्तित्व संपले. हॉक्स्टन हा भाग कलावंतांमुळे नावारूपाला येत होता आणि त्यामुळेच तेथील जागांचे भाव चढत होते. वाढते भाडे व चालू खर्च यांचा मेळ बसेना आणि ऑक्टोबर २००१ मध्ये लक्स सेंटर बंद झाले.

चित्रपटांचा संग्रह मात्र वाचला. २००२ साली ‘लक्स’ या नावाने वितरण संस्था पुन्हा उभी राहिली आणि तिने तो संग्रह सांभाळला. त्याच वर्षी मार्क वेबर यांनी को-ऑपच्या पहिल्या दशकातील चित्रपटांचा मोठा पूर्वलक्ष्यी कार्यक्रम सादर केला. त्याला नाव दिले होते ते १९६६ च्या तारेतील शब्दावरून. यंत्रसामग्रीचा वारसा कॅरेन मिर्झा आणि ब्रॅड बटलर यांनी २००४ साली स्थापन केलेल्या ‘नोव्हेअर’ या कलावंतांच्या प्रयोगशाळेकडे आला. एकेकाळी एका छताखाली असलेल्या गोष्टी अशा रीतीने विभागल्या गेल्या.

भारतीय संदर्भ

या वारशाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. २००६ साली ‘नोव्हेअर’ने ‘द सिनेमा ऑफ प्रयोग’ हा भारतीय प्रायोगिक चित्रपट व व्हिडिओविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘प्रयोग’ ही संज्ञा मुंबईचे अभ्यासक अमृत गंगर यांनी पुरस्कारलेली. पाश्चात्त्य ‘अवाँ-गार्द’ संकल्पनेच्या चौकटीत न बसणाऱ्या भारतीय कृतींसाठी ती त्यांनी वापरली. ग्रंथाचा कालपट १९१३ पासून, म्हणजे दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून, सुरू होतो.

फाळके यांचा उल्लेख येथे केवळ औपचारिक नाही. १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा व इतर सामग्री मिळवली आणि सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत कामाची पद्धत पाहिली. परतल्यावर फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, प्रती काढणे ही कामे घरीच होत आणि त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. प्रयोगशाळा स्वयंपाकघराला लागून असण्याची ही स्थिती पुढे उद्योगाच्या विस्ताराबरोबर लोपली. को-ऑपने साठ-सत्तरच्या दशकांत ती जाणीवपूर्वक परत आणली. फाळक्यांपाशी ती निकड होती, लंडनच्या कलावंतांपाशी ती भूमिका झाली. परंतु निर्मितीचे सर्व टप्पे निर्मात्याच्या हाती असणे हे दोहोंतील साम्य नाकारता येत नाही.

सहकाराचा मार्ग भारतातही चोखाळला गेला. अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली केरळात ‘चित्रलेखा’ ही सहकारी संस्था स्थापन केली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त फिल्म को-ऑपरेटिव्ह’तर्फे १९७६ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट सामूहिक दिग्दर्शनाने केला. त्यात मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांचा सहभाग होता. ‘युक्त’चा सहकार एका कृतीभोवती जुळला होता. को-ऑपचा सहकार कृतीपेक्षा साधनांभोवती बांधलेला होता आणि त्यामुळेच तो तीन दशके टिकला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, को-ऑपच्या चित्रपटांची शैली ही निव्वळ सौंदर्यशास्त्रीय निवड नव्हती; ती प्रत काढण्याच्या आणि फिल्म धुण्याच्या यंत्रांवरील प्रत्यक्ष अधिकारातून घडली. दुसरी, निवड न करण्याच्या तत्त्वामुळे संग्रह व्यापक झाला. परंतु इतिहासलेखनात निवड अटळ असते आणि तेथे विषमता शिरू शकते, हे १९७९ च्या वादाने दाखवून दिले. तिसरी, संस्था मोडकळीस आलेल्या वास्तूंत वाढली आणि सुसज्ज वास्तूत संपली. जोवर तिच्या गरजा सभासदांच्या श्रमांच्या आवाक्यात होत्या, तोवर सहकाराला अर्थ होता. इमारतीचा खर्च त्या आवाक्याबाहेर गेला, तेव्हा सभासदांच्या जागी अनुदान देणारे निर्णायक ठरले आणि सहकार नावापुरता उरला.

सार्वजनिक अनुदान घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. अनुदानाशिवाय ग्लॉस्टर अ‍ॅव्हेन्यूचा स्थिर काळ आलाच नसता. पण अनुदानातून काय उभे राहते, सभासदांना चालवता येईल असे यंत्र की त्यांना पेलता न येणारी वास्तू, या प्रश्नावर कलासंस्थेचे आयुष्य अवलंबून असते. आज चित्रणाची व संकलनाची साधने प्रत्येकाच्या खिशात आली आहेत. ती एकत्र येऊन वापरण्याची, परस्परांचे काम पाहण्याची आणि ते जपून ठेवण्याची जागा मात्र तितक्या सहज उपलब्ध नाही. को-ऑपच्या इतिहासाचे महत्त्व आजही टिकून आहे ते या जागेच्या प्रश्नामुळे.